प्रदर्शनात आणि कॉनमध्ये (खेळवेड्यांच्या मेळाव्यात) स्वतःचा पत्त्यांचा खेळ विकणे (मुंबई): छपाई, टेबल, हिशेब

प्यादं
नमस्कार मंडळी. प्रश्न सरळ आहे. पत्त्यांचा खेळ, ५५ पानं, नियमांची घडीची पत्रिका, साधा टक डबा (झाकण आत खोचायचा पुठ्ठ्याचा डबा). खेळणारे ३ ते ५, डाव २० मिनिटांचा. प्रदर्शनातली किंमत ६०० रुपये, एका प्रतीचा खर्च १९० पर्यंत जातोय. जागा दोन दिवसांची: टेबल ६ बाय अडीच फूट, दोन खुर्च्या, भाडं १२,०००. किती प्रती छापाव्यात, टेबल कसं लावावं, आणि जीएसटी-बिएसटीचं काय? ‘असले खेळ इथे खपत नाहीत’ हे सोडून कुठलंही उत्तर चालेल.

कागदवाला
आधी ५५ वं पान काढून टाका. थट्टा करत नाहीये.

डिजिटल छपाईचा कागद १२ बाय १८ इंच, म्हणजे ३०५ बाय ४५७ मिमी. पान ६३ बाय ८८. चारी बाजूंनी ३ मिमी ब्लीड (कटिंग सरकलं तरी रंग पुरावा म्हणून जास्तीची कड) धरलं की ६९ बाय ९४. आडवी ६ आणि उभी ३ बसतात: ४१४ बाय २८२. कडेला ग्रिपरपुरती (मशीन कागद पकडतं तेवढी) जागा उरते. एका कागदावर १८ पानं, तीन कागदांत बरोबर ५४. त्या एका जास्तीच्या पानासाठी चौथा कागद, दोन्ही बाजूंची छपाई, दोन्ही बाजूंचं लॅमिनेशन आणि कटिंग, सगळं पुन्हा मोजावं लागतं.

आणि कुठलाही ऑपरेटर ‘दोन पानं आडवी फिरवून बसवतो, जागा वाचेल’ म्हणाला तर नाही म्हणा. कागदाला धागा असतो. फिरवलेली पानं दमट हवेत वेगळ्या दिशेने वाकतात, आणि मग पालथी असतानाही ती ओळखू येतात. छापतानाच खुणेचे पत्ते तयार.

प्यादं
५५ वं पान म्हणजे ‘पाळीत काय काय करायचं’ हे सांगणारं मदतपान आहे. ते कुठे टाकू?

कागदवाला
डब्याच्या मागे, नाहीतर पत्रिकेच्या शेवटच्या घडीवर. डबा असाही टेबलावरच पडलेला असतो.

चौथी_मेंढी
प्रती किती हे नंतर. आधी किती विकल्या की पैसे सुटतात ते बघू.

भाडं १२,०००, टॅक्सी १,५००, स्टँडी (उभा फलक) आणि चादर १,२००, दोघांचं दोन दिवसांचं खाणंपिणं १,०००. एकूण १५,७००. एका प्रतीमागे सुटतात ४१० (जीएसटी नोंदणी नाही असं धरून). १५,७०० भागिले ४१० म्हणजे ३८.३, म्हणून ३९ प्रती. चाळिसाव्या प्रतीपासून कमाई सुरू.

आता वेळ बघा. तीन मिनिटं खेळवणं, एक मिनिट बोलणं, एक मिनिट पानं पुन्हा लावणं, एक मिनिट पैसे. सहा मिनिटांत एक फेरी, तासाला दहा. दोन दिवसांचे १६ तास धरले तर दर चार फेऱ्यांमागे एक प्रत विकली गेली की भागतं. पण १६ तास कोणी धरू नये. सकाळी दार उघडल्यावर पहिले दोन तास लोक नुसते फिरतात, जेवणाच्या वेळेला हॉल रिकामा, शेवटचा तास आवराआवरीचा. हाती येतात फार तर १० तास. म्हणजे तासाला चार प्रती, दर पाच फेऱ्यांत दोन. एकाच खेळाच्या जिवावर १२,००० चं टेबल त्यामुळे जड जातं.

उपाय दोन. एक, टेबल दुसऱ्या खेळवाल्याबरोबर निम्मं करा. खर्च ७,८५० वर येतो आणि २० प्रतींत सुटका. आयोजकांच्या अटींत पोटभाडेकरू चालतो का ते आधी वाचा, अर्जावर दोन्ही नावं टाका, क्यूआर वेगवेगळे ठेवा. दोन, ६०० च्या शेजारी २०० च्या आतली काहीतरी वस्तू ठेवा, म्हणजे नुसता ‘छान आहे हो’ म्हणून जाणारा माणूसही रिकाम्या हाती जात नाही.

हुकमी_एक्का
टॅक्सीचे १,५०० कशाला? हिशेब करा. ३५० जीएसएमचं (चौरस मीटरला ३५० ग्रॅम) ६३ बाय ८८ चं पान साधारण २ ग्रॅम. ५४ पानं ११० ग्रॅम, डबा-पत्रिका धरून १५०. साठ प्रती म्हणजे ९ किलो. चाकाची एक बॅग. हॉल बीकेसीत असेल तर मेट्रो ३ ने, गोरेगावच्या नेस्कोत असेल तर राम मंदिर किंवा गोरेगाव स्टेशनवरून जाता येतं. स्टँडी गुंडाळून खांद्यावर. फक्त सकाळच्या गर्दीची लोकल टाळा, पत्त्यांना काही होणार नाही पण स्टँडीचा दांडा नक्की वाकेल.

मोठ्या पटाच्या खेळाचं गणित निराळं. ३० बाय ३० चा कडक डबा दीड किलोपर्यंत जातो, २० डबे म्हणजे ३० किलो आणि जागा भरपूर खाणारे. त्याला छोटा हत्ती नाहीतर टॅक्सी हवीच. शिवाय माल आत नेण्याची वेळ बहुतेक ठिकाणी दार उघडण्याआधीच संपते, मग मधल्या वेळी डबे आणता येत नाहीत.

चौथी_मेंढी
मान्य. टॅक्सी वजा, खर्च १४,२००, भागाकार ३४.६, म्हणजे ३५ प्रती. चार वाचल्या.

गाळा_क्र_१४
टेबलाची मांडणी. ६ फुटांतले मधले ३ फूट खेळायला, डावीकडचे दीड फूट डबे उभे करायला, उजवीकडचे दीड फूट पैसे-पिशव्यांना. बहुतेक जण उलटं करतात: सगळ्या टेबलावर डबे आडवे पसरतात आणि खेळून दाखवायला कोपऱ्यात वीतभर जागा. लोक डबे बघत नाहीत, पानं हातात धरलेला माणूस बघून थांबतात.

दिलेल्या दोन खुर्च्या टेबलाच्या मागे नको, पुढे ठेवा. विकणारा उभा, खेळणारे बसलेले. बसलेला माणूस तीन मिनिटं उठत नाही, उभा असलेला पहिल्याच नियमाला सटकतो. मात्र खुर्च्या वाटेत आल्या तर आयोजक उचलायला लावतात, म्हणून कोपऱ्याचं टेबल मिळत असेल तर थोडं जास्त भाडं परवडतं.

चादर पुढून जमिनीपर्यंत, एकरंगी, गडद. तिच्या मागे खोकी, पिशव्या, डबे, पाण्याच्या बाटल्या सगळं झाकलं जातं. वर पातळ फेल्ट किंवा माउसपॅडसारखी रबरी चटई घाला. लॅमिनेशन केलेलं पान गुळगुळीत टेबलावरून पटकन उचलता येत नाही, नखं लावून ओरबाडावं लागतं आणि खेळणाऱ्याचं लक्ष तिथेच जातं.

स्टँडीवरच्या अक्षरांचा ठोकताळा: दहा फुटांवरून सहज वाचायला एक इंच उंचीचं अक्षर. स्टँडी टेबलाच्या मागे असते, समोर माणसं उभी असतात, त्यामुळे कामाची ओळ साडेचार फुटांच्या वर हवी. खेळाचं नाव, किती जणांचा, किती मिनिटांचा, किंमत. बस्स. किंमत लिहायची लाज वाटून घेऊ नका, विचारायला लागतं म्हणून पुढे जाणारे फार.

उघड्यावरचं प्रदर्शन असेल (काळा घोडा नऊ दिवस रस्त्यावर भरतो, तशी ठिकाणं) तर दुपारनंतर समुद्रावरचं वारं सुटतं. उघडी पानं उडतात. मधल्या ढिगाऱ्यासाठी खोबणीचा लाकडी ट्रे, बाकीच्यांसाठी जाड सोंगट्या वजन म्हणून.

सोंगटी
खेळवायचं कसं यावर कोणीच बोललं नाही, तर लिहिते.

पूर्ण नियम सांगायचे नाहीत. कॅट आधीच लावून ठेवायचा, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या पाळीतच खेळातली खरी गंमत घडते. दाखवायच्या कॅटला स्लीव्ह (एकेका पानाचं प्लास्टिकचं पाकीट) घाला आणि पहिल्या १२ पानांच्या स्लीव्हवर मागच्या कोपऱ्यात बारीक १ ते १२ आकडे टाका. फेरी संपली की आकड्याप्रमाणे लावायला अर्धं मिनिट पुरतं. असे दोन कॅट ठेवा: एक खेळात, दुसरा लावला जातोय.

पहिलं वाक्य समोरच्याच्या ओळखीच्या खेळावर टेकवा. दादरला वनिता समाजात किंवा पार्ल्याच्या दिवाळी प्रदर्शनात ‘ट्रिक-टेकिंग आहे’ म्हणालात तर समोरचा नम्रपणे हसेल. ‘मेंढीकोटसारखे हात करायचे, पण इथे दश्शी घेतली की गुण कापले जातात’ म्हणा, काकू पर्स खाली ठेवून बसतील. बदाम सात, झब्बू, पाच-तीन-दोन, चॅलेंज हे चार खेळ घराघरांत आहेत, नव्या खेळाचा सांधा त्यातल्या एकाशी जुळतोच. बीकेसीच्या कॉनमध्ये मात्र उलटं: तिथे आलेल्या तरुणांना मेंढीकोट सांगत बसू नका, त्यांना यंत्रणेचं इंग्रजी नावच लवकर कळतं.

तीन मिनिटांत कोणी जिंकत नसतं. पाळी त्यांची असताना थांबायचं. ‘आता तुमचा हात होणार होता’ या वाक्यावर पानं गोळा करायची आणि मग गप्प राहायचं. ते गप्प राहणं सगळ्यात अवघड.

आणि ‘फिरून येतो’ म्हणजे येत नाही. त्यावर रुसू नका, पोस्टकार्डाएवढा कागद द्या, त्यावर चित्र, किंमत आणि टेबलाचा क्रमांक.

हुकमी_एक्का
सोंगटीताईंशी सहमत, एक भर: नियमांची पत्रिका मराठीतही छापा. पत्रिका ही दाखवायची वस्तू आहे. पण ‘टर्न’, ‘डिस्कार्ड’ यांचं शब्दकोशी भाषांतर नको. पाळी, टाकणे, ओढणे, पिसणे, उतारी, हात हे शब्द आहेतच.

मधली_पिन
पत्त्यांचा नाही पण कथा सांगत खेळायचा खेळ, म्हणजे फक्त पुस्तिका आणि फासे, असा असेल तर वेगळं काय?

कागदवाला
पुस्तिका ए-५, मधोमध पिन. पानांची संख्या चारच्या पटीत, नाहीतर कोरी पानं येतात. ३२ पानं म्हणजे ए-४ चे आठ कागद. १०० जीएसएमच्या पुढे गेलात तर घडी फुगते आणि आतली पानं कडेने बाहेर डोकावतात. मग ट्रिमिंगला बाइंडर आतल्या पानांचा समास खातो. आतल्या पानांचा बाहेरचा समास १२ मिमी तरी ठेवा.

फुकट_सल्ला
पुस्तिका की पत्ते यावरच कर बदलतो, म्हणून आता मी.

छापील पुस्तकावर जीएसटी शून्य (कराच्या यादीतला क्रमांक ४९०१). पत्ते आणि पटावरचे खेळ ९५०४ मध्ये, १२ टक्के होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून ५. पुस्तिका आणि फासे एका डब्यात घालून एका किमतीला विकले की ते पुस्तक राहत नाही, म्हणून पुस्तिका वेगळी विकणं सोपं.

फक्त वस्तू विकता, महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात, आणि वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत: नोंदणी सक्तीची नाही. पण मग बिलावर जीएसटी लावायचाही नाही. काही आयोजक अर्जातच जीएसटी क्रमांक मागतात, तो त्यांचा नियम, कायद्याचा नाही. आधी मेल करून विचारा.

बंगळूरच्या कॉनला निघालात की चित्र बदलतं. परराज्यात तात्पुरतं दुकान मांडणं म्हणजे ‘कॅज्युअल टॅक्सेबल पर्सन’. तिथे ४० लाखांची सवलत चालत नाही. विक्री सुरू होण्याच्या किमान पाच दिवस आधी अर्ज, अंदाजे कर आगाऊ भरायचा, नोंदणी ९० दिवसांची. मालासोबत डिलिव्हरी चलन.

याहून मोठा खड्डा दुसराच आहे. खेळण्यांचा गुणवत्ता आदेश, १ जानेवारी २०२१ पासून लागू. १४ वर्षांखालच्या मुलांनी खेळायची वस्तू असेल तर आयएसआय चिन्ह हवं, आणि हे बनवणाऱ्याइतकंच विकणाऱ्यालाही लागू. म्हणून डब्यावर ‘वय ८+’ असं सहज लिहून टाकू नका. उलट नुसतं ‘१४+’ लिहूनही सुटका नाही: डब्यावर हसरं माकड, आत रंगीत फळं आणि नियम पहिलीतल्या मुलाला कळणारे असतील, तर तो मुलांसाठीच आहे हे दिसतं. खेळ खरंच मोठ्यांचा असेल तर तसा दिसू द्या.

पार्लेकरीण
म्हणजे दिवाळी प्रदर्शनात ‘वाढदिवसाला रिटर्न गिफ्ट’ असा बोर्ड लावला तर?

फुकट_सल्ला
तर तुम्हीच लिहून दिलंत की मुलांसाठी आहे. बोर्ड काढा. 🙂

डब्यावर काय हवं तेही सांगतो, कारण हे छापून झाल्यावर आठवतं. बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, वस्तूचं साधं नाव (‘पत्त्यांचा खेळ’), नग १, बनवल्याचा महिना-वर्ष, एमआरपी सर्व करांसह, तक्रारीसाठी फोन आणि ईमेल. एमआरपी वाढवायला स्टिकर चालत नाही. कमी करायला चालतो, पण जुनी किंमत झाकली जाता कामा नये.

हुकमी_एक्का
एमआरपीचा विषय निघालाच आहे तर: प्यादं, ६०० ही एमआरपी आहे की प्रदर्शनाची किंमत? पुढे दुकानात ठेवणार असाल तर दुकानदार ४० टक्क्यांच्या आसपास मागतो. ६०० चे त्याच्याकडून ३६० येतील, १९० वजा जाता १७०. चालेल? नसेल तर एमआरपी ७५० छापा आणि प्रदर्शनात ६०० ला द्या.

चौथी_मेंढी
इथे असहमत. दुकानात ७५०, प्रदर्शनात ६००, मग दुकानदार दुसऱ्यांदा माल का घेईल? त्याचं गिऱ्हाईक वर्षभर प्रदर्शनाची वाट बघेल. किंमत सगळीकडे तीच ठेवा आणि प्रदर्शनात वर काहीतरी द्या: दोन जादा पानं, सही, कापडी पिशवी. जादा पानं तर कागदवाल्यांच्या हिशेबात फुकटातच बसवता येतील…

कागदवाला
नाही बसत. ५४ म्हणजे ५४. जादा पानांचा वेगळा कागद छापा: एका कागदात १८, म्हणजे नऊ गिऱ्हाइकांना दोन-दोन. पण मुख्य छपाईबरोबर त्याच दिवशी, त्याच मशीनवर. डिजिटलचा रंग दिवसागणिक सरकतो. पाठीचा निळा जरा वेगळा आला की ती दोन पानं ढिगाऱ्यात दुरूनच दिसतात. याच कारणाने पाठीला बारीक पांढरी चौकट नको: कटिंग मिलिमीटरभर सरकलं की एक बाजू जाड, एक बारीक. रंग कडेपर्यंत जाऊ द्या.

लॅमिनेशन दोन्ही बाजूंना, मॅट. पैसे वाचवायला एकाच बाजूला केलं तर जूनमध्ये पस्तावाल. उघडी बाजू हवेतला ओलावा पिते आणि फुगते, फिल्मची बाजू तेवढीच राहते, पान फिल्मकडे वळतं. एसी हॉलमधून बाहेर आणलं की तासाभरात कॅटची होडी.

अवांतर: गोल पानांचा मोह काहींना होतो. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफात १२० गोल पानं असतात, पण ती हातानं रंगवलेली. छापील गोल पानाला स्वतंत्र डाय (कापायचा साचा) लागते आणि कोपऱ्यांचा कागद वाया. चौकोनी पानाला ३ मिमीचा कोपरा कापा, तेवढं पुरे.

प्यादं
मोजणीचं काय? ६० कॅटमध्ये प्रत्येकी ५४ पानं आहेत हे हाताने मोजायचं?

कागदवाला
स्वयंपाकघरातला १ ग्रॅमचा डिजिटल काटा. एक कॅट दोनदा हाताने मोजा, वजन करा, तो नमुना. एक पान २ ग्रॅमचं, कमी-जास्त झालं की काटा दाखवतो. पण नमुना त्याच दिवशीचा हवा: ओलाव्याने कॅटचं वजन दोन-तीन ग्रॅमनी हलतं, म्हणजे एक पान लपायला तेवढं पुरतं. मेमधल्या नमुन्याशी जुलैमधला कॅट ताडून बघू नका. आणि वजन फक्त संख्या सांगतं. एक पान दोनदा आणि दुसरं गायब असेल तर काट्याला कळत नाही, म्हणून कटिंगनंतर ढीग मिसळू न देणं महत्त्वाचं.

मगच श्रिंक रॅप. फिल्मला सुईने दोन भोकं पाडा, नाहीतर आतली हवा अडकून फुगा होतो. हीट गन एका जागी धरली तर टक डब्याचं झाकण आत दबतं, फिरती ठेवा.

पार्लेकरीण
पैशांबद्दल थोडक्यात. दोन वेगळ्या बँकांचे दोन क्यूआर, ए-५ आकारात, उभ्या ॲक्रिलिकमध्ये. आडवा चिकटवलेला क्यूआर दिव्याच्या झगमगाटात स्कॅन होत नाही. रोज सकाळी आणि जेवून आल्यावर स्वतः एकदा स्कॅन करून नाव बघा, वर दुसऱ्याचा स्टिकर चिकटवायला दोन सेकंद लागतात. समोरच्याच्या फोनवरची हिरवी खूण बघून डबा देऊ नका, स्वतःच्या ॲपमध्ये आले की द्या. रविवारी संध्याकाळी हजारो फोन एकाच टॉवरवर असतात, म्हणून साउंडबॉक्सचं सिम आणि आपल्या फोनचं सिम वेगळ्या कंपनीचं असू द्या. रोख सुट्टे २,००० चे: दहा शंभराच्या, बारा पन्नासच्या, बाकी वीस-दहाच्या. किंमत ५९९ ठेवली तर एक रुपयाची नाणीही लागतील.

प्यादं
तर मग: ५४ पानं, पाठ कडेपर्यंत, दोन्ही बाजूंना मॅट, छपाई ६० प्रती, टेबल निम्मं, एमआरपी सगळीकडे ६००, वय १४+. शेवटचं, दाखवायच्या कॅटला स्लीव्ह कुठल्या मापाची?

सोंगटी
६३.५ बाय ८८ नावाने मिळते ती. मागची बाजू मॅट घ्या, पिसायला सोपी. आणि तो कॅट विकायच्या डब्यात कोंबू नका: नुसती ५४ पानं सुमारे २२ मिमी उंच होतात, स्लीव्ह घातली की तिशीच्या आसपास जातात. डब्याच्या कडा फाटतात आणि टेबलावर तोच फाटका डबा दिसतो. शंकरपाळ्यांचा स्टीलचा छोटा डबा घ्या, दोन्ही कॅट मावतात.